काकांच्या नावावर पडलेली टिक

भोसरीत आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बुधवारची पहिली शिफ्ट कायम धावपळीची. टॅबची चाचणी मी मुद्दाम त्याच दिवशी ठेवली. शांत दिवशी कुठलाही टॅब चांगलाच वाटतो.

आमच्याकडे ब्रेकसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, मशिनिंग होतं. कागदी चेकशीट बंद करून तपासणीची नोंद थेट टॅबवर घ्यायची, असं वरून ठरलं होतं. कुठला टॅब घ्यायचा, हे क्वालिटीतून मी सांगायचं होतं. चाचणीला तीन टॅब आले होते. एक साधा, दहा इंची, घरात वापरतात तसा, जाड रबरी कव्हर घातलेला. दुसरा आठ इंची, कारखान्यासाठीच बनवलेला, आयपी६५ या धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जाचा. तिसरा दहा इंची, आयपी६७, चालू असताना बॅटरी बदलता येणारा, पण वजन किलोच्या वर. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या एक तृतीयांश होती, म्हणून अकाउंट्सचा कल पहिल्याकडे.

मी आधी सगळ्यांची माहितीपत्रकं बारकाईने वाचली होती. आयपीमधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. पुढचा ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. आपटण्याची लष्करी चाचणी १.२२ मीटरवरून २६ वेळा होते, पण ती काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंची प्लायवूडवर, आणि हे २६ आघात पाच टॅबमध्ये वाटून घ्यायची मुभा असते. आमच्या शॉपमध्ये प्लायवूड नाही, खाली थेट काँक्रीट आहे. हे सगळं तक्त्यात मांडून मी लाइनवर गेले आणि पहिला टॅब काकांच्या हातात दिला.

काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने इन्स्पेक्टर. शॉपमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. त्यांनी टॅब घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, बोअर गेज धरायला दोन हात लागतात. हा कुठे ठेवू?"

माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. ३२ एच७चा बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, व्यास ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर. सगळी मिळून २५ मायक्रॉनची जागा. सेटिंग रिंगवर गेज शून्य करायचा, बोअरमध्ये घालून हलकेच झुलवायचा, काटा जिथून परत फिरतो ते रीडिंग घ्यायचं. एका हातात टॅब धरून हे जमत नाही. किलोभराचा तिसरा टॅब तर काकांनी दहा मिनिटांत खाली ठेवला. मग पहिला टॅब व्हीएमसीच्या, म्हणजे मशिनिंग करणाऱ्या यंत्राच्या, शेजारच्या तपासणी टेबलावर उभा केला.

साडेदहाच्या सुमारास ऑपरेटरने नग काढून एअर गन मारली. कूलंटचे, म्हणजे मशिनिंग करताना गार ठेवायला सोडतात त्या द्रवाचे, तुषार टॅबवर उडाले. एक थेंब स्क्रीनवरून सावकाश ओघळत खाली आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत 'थ्रेड' (आटे) आणि 'बर' (कडेला राहिलेली धातूची कूस) या दोन ओळींपुढे हिरवी टिक पडली.

काका थ्रेड गेज हातात घेऊन उभे होते. गेज अजून नगाला लागलाही नव्हता. ते स्क्रीनकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, वर नाव माझं आहे. ही टिक कुणी केली?"

माझ्या अंगावर काटा आला. हा स्क्रीन बोटामुळे त्याच्या विद्युतभारात होणारा बदल ओळखतो, आणि वीज वाहून नेणारं, पाण्यात कालवलेलं कूलंटही तसाच बदल घडवतं. थेंबाला तो बोट समजला. कोरी राहिलेली चेकशीट निदान कोरी दिसते. ही नोंद मात्र खरीच दिसत होती. नग, वेळ, इन्स्पेक्टरचं नाव, सगळं जागेवर, फक्त तपासणी झालेली नाही. आणि तो नग कुणाच्या तरी ब्रेकमध्ये बसणार.

त्यानंतर आम्ही तक्ता बाजूला ठेवला. काकांनी तिन्ही टॅब ओळीने मांडले आणि तेलाच्या कॅनने प्रत्येकावर कूलंट टाकलं. आयपी६५वाल्यावरही टिक पडली, आयपी६७वाल्यावरही. हे आकडे पाणी आत शिरतं की नाही, एवढंच सांगतात. वर पडलेल्या पाण्याचा स्क्रीन काय अर्थ लावेल, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. शिवाय ती चाचणी पाण्याची, तेल किंवा कूलंट त्यात येतच नाही. मग दोन्ही मजबूत टॅबमध्ये ओल्या स्क्रीनचा वेगळा मोड सुरू केला. टिक पडायची थांबली. पातळ नायट्राइल हातमोज्यातही बोट लागत होतं, ठिपक्यांच्या सुती हातमोज्यात मात्र नाही. साध्या टॅबमध्ये असा मोडच नव्हता, तिथेच तो बाद झाला. त्याच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलं होतं. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडखाली ते भर दुपारी टिकणारं नव्हतंच.

कंप्रेसरच्या मागे वायफाय पोहोचत नाही. नोंद टॅबमध्ये साठून नेटवर्क आल्यावर वर जायला हवी, एवढं सॉफ्टवेअरवाल्यांना लिहून दिलं.

आठ इंचावर ए३चं ड्रॉइंग दिसणार कसं, ही प्लँट हेडसाहेबांची शंका रास्त होती. पण इन्स्पेक्टरला पूर्ण ड्रॉइंग लागतच नाही. त्याला त्या क्षणी तपासायच्या मापाचा बलून, म्हणजे ड्रॉइंगवरचा गोलातला क्रमांक, आणि त्याभोवतीचा तेवढाच भाग हवा असतो. तेवढं कापून दाखवलं की आठ इंच पुरतात. आठ इंचीच ठरला, टेबलाला आर्मवर बसवलेला, एअर गनच्या वाऱ्यापासून दूर. बोअरचं रीडिंग गेजमधून ब्लूटूथने थेट येईल. नुसत्या एका स्पर्शाने कुठलीही टिक पडणार नाही. सेव्ह करायला टॅबच्या कडेचं खरं, दाबायचं बटण वापरायचं. हे बटण काकांनी सुचवलं. प्रस्तावात मी तसं लिहिलं: "सूचना: लाइन इन्स्पेक्टर".

किंमत तिप्पट का, असं अकाउंट्सने विचारलं तेव्हा मी त्यांना लाइनवर बोलावलं आणि साध्या टॅबवर कूलंटचा एक थेंब टाकला. ते बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

साडेतीनला शिफ्ट सुटत होती. शेवटचा नग टेबलावर होता. काकांनी थ्रेड गेज फिरवला. गो, म्हणजे आत जायलाच हवा तो, गेला; नोगो, म्हणजे जाता कामा नये तो, अडला. पुसायच्या सुती वेस्टने आधी हात पुसले, मग स्क्रीन, आणि अंगठ्याने कडेचं बटण दाबलं. मग मला हाक मारली.

"बघा मॅडम, ही मी केली."