अठ्ठेचाळीस सेंटिमीटर

उचलून नेणारे हात वाईट नव्हते, हे आधीच सांगते.

जुलै २०२४. पीएच.डी.च्या कोर्सवर्कचा पहिला दिवस. विद्यापीठातल्या आमच्या विभागापुढे रिक्षातून उतरले, व्हीलचेअर उघडली, तर समोर तीन पायऱ्या. विभागाच्या शिपाईमामांनी मला पाहिलं, आत हाक मारली आणि कॅन्टीनची दोन पोरं, सुरक्षारक्षक आणि ते स्वतः अशा चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. तीन पायऱ्या झाल्या, मग थेट दुसरा मजला. लिफ्ट नाही. खुर्ची जिन्याच्या वळणावर तिरकी झाली तेव्हा ओढणी सांभाळू की हँडल, हे मला कळेना. वर पोचल्यावर मामा धापा टाकत म्हणाले, "ताई, यायच्या आधी एक फोन करत जा. आम्ही आहोत की."

गंमत म्हणजे याच इमारतीत मी एम.ए. केलं होतं. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पण तेव्हा कॅलिपर आणि कुबड्यांवर मी तो जिना रोज चढायचे, थोडा तोराही असायचा. चाळिशीत खांदे दुखायला लागले आणि धडधाकट पायही दमायला लागला. पोलिओनंतर कित्येक वर्षांनी स्नायू असे पुन्हा कमजोर होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. खुर्ची आली आणि वीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं, त्या पायऱ्या दिसायला लागल्या.

जिन्यापेक्षा वाईट होतं ते स्वच्छतागृह. तळमजल्यावर एकाच्या दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं. आत बादल्या, खराटे आणि एक मोडकं व्यासपीठ. दार आत उघडणारं, त्याची मोकळी रुंदी सत्तर सेंटिमीटर. माझी खुर्ची चौसष्ट. हात चाकांवर ठेवून आत जायचं म्हणजे बोटांची सालं काढून घ्यायची. बरं, गेलेच आत, तर दार लावायला जागा नाही. म्हणून वर्गाच्या दिवशी मी सकाळचा चहा बंद केला. पाणी दुपारी तीननंतर, घरी. ऑक्टोबरमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, आठवडा अंथरुणात गेला.

पहिला अर्ज मी ऑगस्टमध्येच दिला होता. तीन पानी, भावनेनं ओथंबलेला. स्त्री म्हणून, शिक्षिका म्हणून, नागरिक म्हणून वगैरे. आवक क्रमांक पडला आणि अर्ज गेला तो गेलाच. चौकशी केली की एकच उत्तर: "मॅडम, फाइल पुढे पाठवलीय." पुढे म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गेले तर रॅम्प तयार! झेंडूची माळ अजून कठड्याला होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. चाकं फिरवली, निम्म्यावर गेले आणि पुढची छोटी चाकं हवेत उचलली गेली. मामांनी मागून धरलं म्हणून पाठीवर पडले नाही. वर गुळगुळीत ग्रॅनाइट. बांधकाम विभागातल्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "मागून कोणीतरी ढकलायचं असतं ना ते."

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून टेप मागवला. एका विद्यार्थिनीनं टोक धरलं. तीन पायऱ्या मिळून उंची अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. रॅम्पची लांबी दोन मीटर. चढ बारास एक असावा, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. केंद्र सरकारच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. त्या हिशेबानं लांबी हवी पाच मीटर शहात्तर. आमचा रॅम्प चारास एक होता. त्याला रॅम्प नाही, घसरगुंडी म्हणतात.

दुसरा अर्ज एकाच पानाचा. वर एक ओळ, खाली तक्ता: काय आहे, किती आहे, किती हवं. दाराची रुंदी, कठड्याची उंची, कमोडची उंची, वळायला लागणारी दीड मीटर जागा. एकही विशेषण नाही. पंधरा दिवसांत कनिष्ठ अभियंता स्वतः पाहायला आला. विनंतीला "बघू" म्हणता येतं, आकड्याला म्हणता येत नाही, निदान लेखी तरी.

सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विचारलं तीनच: इमारतीची सुगम्यता तपासणी कधी झाली, रॅम्प कुठल्या मापांनुसार बांधला, त्याचा नकाशा द्या. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिलं: निरंक. दुसरं: इमारतीत रॅम्प उपलब्ध आहे. तिसरं: निरंक. हा कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलाय.

मोठ्या साहेबांचा मुद्दा एकच होता: ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, बंधनकारक नाहीत. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा, नियम जून २०१७चे आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्यानं दिलेली पाच वर्षं २०२२मध्येच संपलेली, हे मी सांगून पाहिलं होतं. पण नेमकं ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात त्याच मुद्द्यावर बोट ठेवलं. मापं नुसती शिफारशीसारखी सोडणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असा निकाल दिला. मी निकालाची प्रत जोडली. साहेबांनी ती वाचली की नाही, माहीत नाही. त्यानंतर "बंधनकारक नाही" हे वाक्य मात्र मी ऐकलं नाही. (कायद्यानुसार तक्रार निवारण अधिकारीही नेमलेला असतो. आमच्याकडे होता. आपण आहोत हे त्यांना माझ्याकडून कळलं.)

त्या दिवसांत रॉन मेस या अमेरिकन वास्तुविशारदाबद्दल वाचलं. 'युनिव्हर्सल डिझाइन' हा शब्द त्यानं रूढ केला. लहानपणी पोलिओ, व्हीलचेअर. नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठात शिकताना त्याला जिन्यावरून उचलून नेत आणि खुर्ची स्वच्छतागृहाच्या दारातून जात नसे. १९६६ला तो पदवीधर झाला. मी रात्री साडेअकराला एकटीच मोठ्यानं हसले.

खरी लढाई पैशाची नव्हती, गाड्यांची होती. पावणेसहा मीटरचा रॅम्प मधल्या सपाट टप्प्यासह बसवायचा तर तो काटकोनात वळवावा लागणार आणि दोन गाड्यांची जागा जाणार. त्यातली एक विभागप्रमुखांची. तरतूद नाही, जुनी इमारत आहे, ही कारणं महिन्याभरात विरघळली. ही जागा सुटायला तीन महिने लागले. शेवटी प्रमुखांनीच एका बैठकीत "घ्या हो" म्हटलं, वैतागून.

जून २०२५मध्ये रॅम्प झाला. खरबरीत फरशी, दोन्ही बाजूंना दोन उंचींचे कठडे. पहिल्या दिवशी माझ्याआधी त्यावरून पाण्याचे जार गेले, ट्रॉलीवरून. मग मी. एकटी. मामा सवयीनं पुढे झाले होते. मी नको म्हटल्यावर हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना, त्यांनी शेवटी माझी पिशवी घेतली.

आनंद आठवडाभर टिकला. एम.ए.ला एक अंध मुलगा आहे, पांढरी काठी घेऊन एकटा येतो. तो म्हणाला, "ताई, तुमचा रॅम्प माझ्या पायात येतो." त्याचा वर्षभराचा पाठ रस्ता मी वळवला होता. रॅम्पच्या आधी काठीला कळतील अशा उठावदार ठिपक्यांच्या फरशा हव्यात, तो म्हणाला. त्या मला खडखडतात, मी म्हटलं. अर्धा तास वाद झाला. मग तिसरा अर्ज दोघांच्या सहीनं गेला: ठिपक्यांची पट्टी रॅम्पच्या तोंडाशी आडवी, पण अरुंद. तेवढा धक्का मी सोसते. नुसती माझी खुर्ची मोजून काढलेला नकाशा अर्धाच होता, हे मला त्याच्याशी भांडताना कळलं.

लिफ्टची फाइल अजून फिरतेय. तोवर माझी प्रगती-सादरीकरणं तळमजल्यावरच्या खोलीत होतात. मार्गदर्शक मॅडम न कुरकुरता खाली येतात, गुडघे त्यांचेही दुखतात.

स्वच्छतागृह मोकळं झालंय. दार बाहेर उघडतं, रुंदी नव्वद, आडवे दांडे पक्के. कोणी पुन्हा बादल्या ठेवू नये म्हणून कुलूप लावतात. किल्ली सगळ्यांना घेता यावी म्हणून बाहेर भिंतीवर खिळा ठोकलाय. साडेपाच फुटांवर.