पंपातलं औषध पेशीत कुणाला भेटतं?

रक्ताच्या रिपोर्टवर इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १२ टक्के दिसले की पेशंट लॅबच्या काउंटरवरच विचारतो, "म्हणजे जंत झालेत का?" जंतांनी वाढतात हे खरंच. पण दम्यातही वाढतात, आणि मी स्वतः लहानपणापासून दम्याची, त्यामुळे माझा उलटा प्रश्न ठरलेला: पहाटे खोकला येतो का, छातीत शिट्टी वाजते का? (टेक्निशियननं हे विचारायचं नसतं. मी विचारते.)

लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवायचा रंग) केलेल्या स्लाइडवर ही पेशी ओळखू न येणं अवघड. केंद्रकाचे दोन भाग चष्म्याच्या काचांसारखे आणि भोवती गच्च नारिंगी दाणे. इओसिन हा रंग धरते म्हणून पॉल एर्लिखनं १८७९ मध्ये तिला हे नाव दिलं. दिसायला देखणी, पण त्या दाण्यांतली प्रथिनं श्वासनलिकेत सांडली की आतलं अस्तर खरवडून निघतं.

जंतांच्या प्रश्नाला मी हसत नाही, कारण त्यामागे मुंबईचाच इतिहास आहे. तिथे काम करणाऱ्या डॉ. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया'चं वर्णन छापलं: रात्रीचा खोकला, धाप, रक्तात इओसिनोफिलच इओसिनोफिल. दमाच वाटावा. मूळ कारण पुढे हत्तीरोगाचे जंत निघालं.

पण मला खरी ओढ आहे ती हीट शॉक प्रोटीन्सची. १९६२ मध्ये इटलीच्या रितोसानं फळमाशीच्या पेशींना जास्त उष्णता मिळाल्यावर गुणसूत्रांवर नवे फुगवटे पाहिले; त्या धाग्यावरून पुढे ही प्रथिनं सापडली. पेशीवर ताण आला की ही प्रथिनं भराभर बनतात आणि बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांची घडी सांभाळतात. ताण फक्त उष्णतेचाच हवा असं नाही, धूर आणि सूजही चालते. १९९० च्या दशकात युरोपातल्या संशोधकांना दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरात आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या) पेशींत एचएसपी७० हे यातलंच एक प्रथिन नेहमीपेक्षा जास्त सापडलं. हे वाचलं तेव्हा वाटलं, चला, माझ्या नळ्या किती वैतागल्यात याचा पुरावा मिळाला.

गंमत पुढेच आहे. माझ्या रोजच्या पंपात (इनहेलरमध्ये) बुडेसोनाइड आहे, म्हणजे स्टेरॉइड. ते पेशीत शिरून ज्या रिसेप्टरला (औषध पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तो रिसेप्टर एकटा धड उभाही राहू शकत नाही. एचएसपी७० आणि त्याचं भावंड एचएसपी९० मिळून त्याला औषध धरता येईल अशा आकारात ठेवतात. औषध चिकटलं की तो केंद्रकात जातो, सूज वाढवणारी जनुकं दाबतो, इओसिनोफिलना जगवणारे संदेश आटतात आणि त्या मरू लागतात. म्हणजे ज्या प्रथिनांना मी नुसती आजाराची खूण समजत होते, त्यांच्याशिवाय माझं औषधच चाललं नसतं!

या सगळ्याला वेळ लागतो, त्यामुळे दोन दिवसांत फरक वाटला नाही की लोक हा पंप कपाटात टाकतात आणि तात्पुरता आराम देणाऱ्या निळ्या पंपावर भागवतात. आमच्या सांगलीकडे ऊस तुटल्यावर पाला पेटतो, त्या दिवसांत तर निळा पंप खिशातच असतो. सासूबाईही म्हणतात, "तुझा तो रोजचा सोड, सवय लागेल." निळ्यातलं साल्ब्युटामॉल नळीचा आवळलेला स्नायू मिनिटांत सैल करतं, पण सूज आणि इओसिनोफिल जिथल्या तिथे राहतात. नुसत्या निळ्यावर दमा सांभाळू नका, असं 'जीना' या दम्यावर काम करणाऱ्या संस्थेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून सांगतायत. सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "ही जीना कोण?"