टँग्रा: फाटकाआडचं चायनाटाऊन

कोलकात्यात चायनाटाऊन दोन आहेत. जुनं लालबाजारजवळ, टिरेट्टा बाजारात. तिथे भल्या पहाटे रस्त्यावर बाओ आणि फिशबॉल सूप मिळतं. उन्हं चढली की सगळं आवरलेलं. मला बघायचं होतं ते नवं, टँग्र्याचं.

टँग्रा ही हाक्का या चिनी समाजाच्या लोकांची वस्ती. चामडं कमावण्याच्या कामाला इथले सवर्ण शिवत नसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाक्कांनी ते हातात घेतलं आणि त्यातच बस्तान बसवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितल्या. काही बानतल्याला गेल्या, बऱ्याच बंद पडल्या, आणि कित्येक जागी टेबलं-खुर्च्या लागल्या. गल्लीत अजून तीच उंच भिंत, तेच लोखंडी फाटक. आत मात्र एसी आणि चिली चिकन.

चिनी कालीमातेचं देऊळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुजारी बंगाली, भक्त चिनी, आणि प्रसादाला चक्क नूडल्स. मला शिऱ्याची सवय, पण तक्रार नाही.

जेवलो तिथे गल्ल्यावर साठीतल्या मालकीणबाई होत्या. हिंदी फर्डं, बंगाली त्याहून फर्डं. "दादा चमड़ा, बाप चमड़ा, हम चाउमीन," म्हणाल्या आणि खो खो हसल्या. १९६२ चा विषय मीच काढला. युद्ध पेटलं तेव्हा सुमारे ३००० चिनी भारतीयांना पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं (आपल्या वर्ध्याची देवळी नव्हे). त्यात इथेच जन्मलेली लेकरंसुद्धा होती. काही जण तिथे वर्षानुवर्षं अडकले. सुटून आलेल्यांपैकी अनेकांची घरंदारं, दुकानं हातची गेली होती. बाईंचं हसू मावळलं. "घरात त्यावर कुणी बोलायचं नाही," एवढंच म्हणाल्या आणि वेटरला हाक मारून माझं सूप गरम करायला लावलं. त्यानंतरच्या काळात माणसं देश सोडत राहिली, याचं मला तरी नवल वाटत नाही.

बाईंचा मुलगाही टोरोंटोला आहे. तिकडे टँग्र्याहून गेलेल्यांनी हाक्का रेस्टॉरंटं थाटली आहेत. तिथे मिळतं ते आपलंच मंच्युरियन, आपलंच हाक्का नूडल्स, आणि खायला गर्दी देशी लोकांची. मुलगाही त्याच धंद्यात का, असं विचारलं.

"बँक में है," बाई म्हणाल्या. "किचन देखके भागता है."