कुंडीतली भाजी आणि ठाण्याच्या रात्री

ठाण्यात कुंड्यांमध्ये भाजी लावणारे आम्ही सगळे बहुधा उन्हाबद्दल बोलतो. दुपारी मलूल झालेली पाने डोळ्यांना दिसतात आणि उपायही चटकन सुचतो: हिरवी जाळी बांधावी, पाणी वाढवावे. गॅलरीतल्या आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या कुंड्या सांभाळताना माझे मत मात्र निराळे होत गेले आहे. आपल्या दमट, खाडीकाठच्या हवेत बागेची मोठी अडचण दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीच्या उकाड्यात आहे, आणि कोणते रोप केव्हा लावायचे हे रात्रीच्या तापमानावरूनच ठरवायला हवे.

टोमॅटोचेच पाहा. फळ चांगले धरायचे तर त्याला रात्री साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. रात्रीचे तापमान २४ अंशांच्या वर राहू लागले आणि दिवसाही पारा ३५ कडे सरकला, की परागकण निकामी होतात आणि फुले देठापासून गळतात. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात मे महिन्यात किमान तापमानच २७ अंशांच्या आसपास असते. जाळी दुपारचे ऊन निम्म्यावर आणते, पण रात्रीवर तिचा इलाज चालत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती सूर्यास्तानंतरही कितीतरी वेळ उष्णता सोडत राहतात, आणि पश्चिमेकडच्या गॅलरीत शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटचा झोत येत असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी फुलगळ थांबावी म्हणून अनेकजण खताचा मारा करतात. उष्णतेने गळणारे फूल खताने टिकत नाही. उलट आधीच ताणात असलेल्या मुळांभोवती क्षार साठतात.

टोमॅटोला मानवणारा काळ आता दोन्ही टोकांनी आखडत चालला आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख हवामान विभागाने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली, म्हणजे सुरुवातीची कोवळी रोपे पावसात सापडतात. दुसऱ्या टोकाला, २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. म्हणून मी सप्टेंबरच्या मध्यावर आडोशाला ट्रेमध्ये बी टाकते, पाऊस ओसरला की रोपे कुंडीत हलवते आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री फुलोऱ्याला मिळतील असे पाहते. रोपवाटिकांमध्ये मार्चमध्येही टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची टवटवीत रोपे विकायला असतात. ती घेऊ नयेत, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला आवर्जून सांगते.

मग उन्हाळ्यात काय लावावे? माठ, घोळ, चवळी, भेंडी, गवार आणि मायाळू. यांतला माठ आणि घोळ मला विशेष मोलाचे वाटतात, कारण कडक उन्हात आणि कमी पाण्यातही कार्यक्षमतेने अन्न तयार करण्याची यंत्रणा त्यांच्या पानांतच आहे. घोळ तर पाण्याचा ताण पडला की पानांवरची रंध्रे दिवसा मिटून घेते आणि कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेते, त्यामुळे बाष्पीभवनातून जाणारे पाणी वाचते. जी भाजी आपल्या आज्या परसात आपसूक उगवलेली खुडून आणत, तीच आज या हवेला सर्वांत जास्त तयार आहे. पालक आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये जगवण्यासाठी केलेली धडपड मला आता पाण्याचा अपव्यय वाटते, आणि पाणीकपातीच्या दिवसांत तर तो परवडणाराही नाही. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र बादलीत जरूर साठवावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते एकवटलेले असतात, म्हणून ते रोज कुंडीत ओतू नये.

पावसाळ्याची तयारीही आता आधी करावी लागते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. त्याची सरासरी तारीख ११ जून आहे. उन्हाळ्यासाठी केलेली प्रत्येक सोय त्या पावसात उलटते. ओल धरून ठेवणारे कोकोपीट, कुंडीखालची ताटली, मातीवरचे पालापाचोळ्याचे जाड आच्छादन, या सगळ्यामुळे माती चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी ताटल्या काढून टाकते, कुंड्या विटांवर चढवते, तळाची भोके सळईने मोकळी करते आणि आच्छादन पातळ करते. गच्चीवर याला आणखी एक कारण आहे: एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या वर जाते, तेव्हा मोठे वाफे स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेत ठेवावेत, आणि त्याआधी सोसायटीने अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जुलैमध्ये अळू आणि मायाळूवर भागवावे. टाकळा, भारंगी, कंटोळी या भाज्या त्या दिवसांत ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका घेऊन येतात. त्या त्यांच्याकडूनच घ्याव्यात.

बियाण्याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. पाकिटातले बी कोणत्या हवेत तयार झाले हे आपल्याला कळत नाही. घरच्या वेलाचे कळते. चवळीत बहुतांशी स्वपरागण होत असल्याने तिचे घरचे बी वाणाशी बऱ्यापैकी प्रामाणिक राहते. मे महिन्याच्या उकाड्यातही ज्या वेलाला शेंगा भरल्या, त्याच्या दोन-चार शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, पहिल्या सरीआधी उतरवाव्यात, आणि दाणे सावलीत सुकवून चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. बरणीवर वर्ष, महिना आणि कुंडी कोणत्या दिशेला होती ते लिहावे, कारण पूर्वेच्या गॅलरीत तगलेला वेल आणि पश्चिमेच्या गॅलरीत तगलेला वेल यांची परीक्षा सारखी नसते.