तुम्ही विचारलंत म्हणून: एमडी घ्यावं की डीओ?

मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या लाइनीत कोणीतरी मला गाठतंच. आधी इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग हळू आवाजात, "ताई, तुमच्या नावापुढे डीओ आहे ना, आमच्या मुलीलाही डीओचीच सीट मिळालीय, घ्यावी की एक वर्ष थांबून एमडीसाठी परत अप्लाय करावं?" आवाज हळू का होतो तेही मला कळतं, म्हणून आज एकदाच नीट लिहून काढते. मी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात फॅमिली मेडिसिन करते, २०१३ साली डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, झाले.

आधी आपल्या डोक्यातली उतरंड बाजूला ठेवा. एमबीबीएस नाही मिळालं तर बीडीएस, तेही नाही तर बीएएमएस, मग बीएचएमएस, हे आपण बारावीपासून ऐकत आलोय, आणि ऑस्टिओपॅथीत 'पॅथी' ऐकलं की मन ते लगेच होमिओपॅथीच्या शेजारी नेऊन ठेवतं. माझ्या सांगलीच्या आजीने शेजारच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, डीओ म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं, भारतात डोळ्यांच्या डिप्लोमाला खरंच डीओ म्हणतात. मग दर रविवारी फोनवर आजी मला तिच्या मोतीबिंदूचं विचारायची.

अमेरिकेत गणित वेगळं आहे. इथली एमडी म्हणजे तिकडची एमबीबीएसनंतरची एमडी नव्हे, ती इथली डॉक्टरकीची मूळ डिग्री आहे आणि डीओ ही तशीच दुसरी मूळ डिग्री. दोन्हीकडे कॉलेजनंतर चार वर्षं, दोन्हीकडे एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, आणि लायसन्स पन्नासही राज्यांत पूर्ण, म्हणजे औषधं, ऑपरेशन, सगळं. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ मात्र हाताने उपचार करणारा थेरपिस्ट असतो, तो फिजिशियन नसतो, त्यामुळे लंडनच्या मावशीने काही सांगितलं असेल तर ते तिकडचं आहे.

हे दोन रस्ते झाले कसे ते थोडक्यात सांगते. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे डॉक्टर होते, १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली, आणि त्या काळच्या औषधांवरचा, म्हणजे पारा वगैरे देणं, रक्त काढणं, यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. १८७४ मध्ये त्यांनी ऑस्टिओपॅथी ही आपली पद्धत मांडली, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. ते औषधांच्या विरोधात होते, आम्ही नाही, मी रोज मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन लिहिते. पण जुना संशय लोकांच्या मनातून जायला शंभर वर्षं लागली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाने तर तिथल्या दोनेक हजार डीओंना ६५ डॉलर घेऊन एमडी करून टाकलं. आदल्या दिवशी तोच डॉक्टर, तेच पेशंट, तोच दवाखाना, दुसऱ्या दिवशी पाटीवरची दोन अक्षरं तेवढी बदलली. अक्षरांत किती आहे आणि डॉक्टरात किती, हे मला कोणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते. शेवटचं राज्य मिसिसिपी, तिथे १९७३ मध्ये पूर्ण लायसन्स मिळालं. आणि अलीकडचं म्हणाल तर ट्रम्प यांना २०२० मध्ये कोविड झाला तेव्हा त्यांचे डॉक्टर शॉन कॉनली होते, मग बायडन यांचे केव्हिन ओकॉनर, दोघेही डीओ.

मग वेगळं काय? तर एमडीला जे शिकवतात ते सगळं, आणि वर साधारण २०० तास हातांनी तपासण्याचं आणि उपचार करण्याचं शिक्षण, ज्याला आम्ही ओएमएम (ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेटिव्ह मेडिसिन) म्हणतो. पहिल्या आठवड्यात आमच्या सरांनी कागदाखाली एक केस ठेवला आणि म्हणाले, डोळे मिटा, बोटाने शोधा. सापडला की वर आणखी एक कागद, मग आणखी एक. मी चौथ्या कागदाला अडकले, शेजारचा मुलगा आठव्यापर्यंत गेला, आणि मी घरी जाऊन टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीच्या पानांखाली माझाच केस ठेवून रात्री बारापर्यंत बोटं फिरवत बसले. हे आठवलं की आजही बोटांची टोकं जागी होतात. परवा एक डेअरीवाले काका आले, पाठ धरलेली, एक्स-रे आधीच झालेला, त्यात काही नाही. मी मणक्याच्या बाजूने बोटं नेली आणि एका जागी स्नायू दोरीसारखा ताठ लागला, तिथे वीस मिनिटं काम केलं, उठताना म्हणाले, "कोणीतरी हात तरी लावला." कंबरदुखीत याचा उपयोग होतो हे मी रोज बघते. पण कवटीची हाडं हाताने हलवण्याचा जो भाग शिकवतात तो मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही मी तो करत नाही. खूप डीओ तर रेसिडेन्सीनंतर ओएमएमला हातच लावत नाहीत, हेही खरं.

आता त्रासाचं बोलू, कारण आईबाबा विचारतात लाजेचं आणि मुलांना भोगायचा असतो तो हा त्रास. पहिला त्रास लायसन्सच्या परीक्षेचा. एमडीवाले यूएसएमएलई देतात, आमची कॉमलेक्स, आणि बऱ्याच रेसिडेन्सीवाल्यांना कॉमलेक्स वाचताच येत नाही म्हणून डीओची मुलं दोन्ही देतात, दुप्पट फी, दुप्पट अभ्यास. मी दिली नव्हती. मला वाटलं एक पुरे. मग इंटर्नल मेडिसिनच्या एका प्रोग्रामचं, जिथे मला मनापासून जायचं होतं, एका ओळीचं उत्तर आलं की आम्ही कॉमलेक्स स्वीकारत नाही. ती चूक माझी होती, कारण सीनियर्सनी सांगितलं होतं. आता दोन्हींची पहिली परीक्षा २०२२ पासून नुसती पास-फेल आहे, त्यामुळे दुसऱ्या परीक्षेच्या मार्कांना वजन आलंय, म्हणून मी प्रत्येकाला सांगते की यूएसएमएलईचं स्टेप टू तरी द्याच.

दुसरा त्रास रोटेशनचा, म्हणजे हॉस्पिटलांत वेगवेगळ्या विभागांत फिरून शिकण्याचा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, तिसऱ्या वर्षी मुलांना लांबलांबच्या हॉस्पिटलांत पाठवतात. आमच्या कॉलेजने ज्या हॉस्पिटलचं नाव अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगितलं होतं त्याच्याशी करार संपला आणि दहा दिवस आधी ईमेल आली की तुम्ही आता तीन तासांवर, भाडं दोन्हीकडे भरा. तिथले सर्जन फार चांगले होते, मला टाके घालायला त्यांनीच शिकवलं, पण रेसिडेंट नाहीत, रिसर्च नाही, शिफारसपत्र लिहायला नावाजलेलं कोणी नाही. न्यूरोसर्जरी, डर्मॅटॉलॉजी, प्लॅस्टिक सर्जरी अशा ठिकाणी जायचं असेल तर हे नडतं.

बाकी २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यता दोघांची एकाच छत्राखाली आली. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटतात त्यात, शेवटच्या वर्षाच्या एमडी मुलांपैकी ९३.५ टक्के लागले आणि डीओंपैकी ९२.३ टक्के. फरक एवढासा, पण कोण कुठल्या ब्रँचला लागलं ते या आकड्यात दिसत नाही, तिथला फरक मोठा आहे.

पैशांचं तर आता जास्तच बघायला लागणार. १ जुलै २०२६ पासून नव्या मुलांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन बंद, बाकीचं सरकारी लोन वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. कित्येक प्रायव्हेट कॉलेजांची, डीओचीच नव्हे एमडीचीही, नुसती ट्यूशनच ५० हजारांच्या वर जाते, मग राहणं-खाणं वेगळं, म्हणजे वरचं सगळं बँकेकडून. मिशिगन स्टेटसारखी सरकारी डीओ कॉलेजंही आहेत, त्या राज्यात राहत असाल तर तिथली फी आधी बघा.

आता माझं मत. दोन्ही सीट हातात असतील आणि फीमध्ये फार फरक नसेल तर एमडी घ्या, मी स्वतः डीओ असून सांगते, कारण एकवीस-बावीसाव्या वर्षी आपल्याला काय व्हायचंय ते माहीत नसतं आणि एमडीला दारं जास्त उघडी राहतात. पण हातात फक्त डीओची सीट असेल तर ती सोडून नुसत्या नावासाठी वर्ष घालवू नका. पुढच्या वर्षी एमडी मिळेलच असं कोणी लिहून देत नाही, आणि आलेली सीट सोडली होती हे परत अप्लाय करताना कॉलेजवाले विचारतात. मी अशा दोन मुलांना ओळखते, दोघं हुशार, एकाला दुसऱ्या वर्षी काहीच मिळालं नाही आणि तो कॅरिबियनमधल्या मेडिकल कॉलेजला गेला, तिथून परत येऊन रेसिडेन्सी मिळवणं डीओपेक्षा कितीतरी अवघड. त्याच्या आईला 'लोक काय म्हणतील' वाटत होतं. माझ्या दवाखान्यात इतक्या वर्षांत एकाही पेशंटने विचारलेलं नाही की तुम्ही एमडी का नाही, विचारलंय ते फक्त आपल्या मंडळींनी.

या वर्षी प्रसादाच्या लाइनीत ज्यांनी विचारलं त्या काकांची मुलगी माझ्याशी स्वतः बोलली, तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचंय, आणि डिपॉझिट भरायची मुदत शुक्रवारी संपतेय. मी तिला म्हटलं, बाबांना थोडा वेळ दे आणि तू कॉलेजला फोन कर, तिसऱ्या वर्षाच्या हॉस्पिटलांची यादी लेखी माग, करार कधीपर्यंतचे आहेत ते विचार, आणि तिथे पीडियाट्रिक्सचे रेसिडेंट आहेत का ते बघ. उद्या क्लिनिक सुटलं की ती यादी घेऊन ती माझ्याकडे येणार आहे.