रंगाची बादली

दुपारी जिन्यात रंगाची रिकामी बादली दिसली. वीस लिटरची, झाकणासकट. खालच्या मजल्यावर काम चालू आहे, पेंटर जेवायला गेले होते. ही बादली शेवटी कोणाच्या घरी जाणार यावरून सोसायटीत कसं गुपचूप राजकारण चालतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे अशा दोन होत्या, एक आंघोळीला आणि एकीत आईचं कढीपत्त्याचं झाड.

पण मला आठवली ती चीनमधली. काही वर्षं ग्वांगझूला नोकरीला होतो, तेव्हाची. 2012च्या डिसेंबरात तिथून बीजिंगपर्यंत बुलेट ट्रेन सुरू झाली, 2298 किलोमीटर आठ तासांत, पण मी निघालो नेमका चिनी नववर्षाच्या तोंडावर. त्याच्या आगेमागचे चाळीस दिवस अख्खा देश घरी जायला निघालेला असतो, बुलेटची तिकिटं कुठली मिळायला, मग हिरव्या डब्यांची साधी गाडी. वीस तासांच्या वर. डब्यात एकीकडे तीन आणि एकीकडे दोन अशा 118 सीट, पाठी ताठ सरळ, त्यात उभ्याने जायची तिकिटंही विकतात आणि त्यांचे पैसे सीटवाल्याइतकेच, एक युआन कमी नाही. मग लोक सीटखाली पेपर अंथरून झोपतात, बेसिनवर चढून बसतात, संडासाच्या दाराला टेकतात. आणि बांधकामावरचे कामगार येतात ते रंगाची बादली घेऊन! आत कपडे, हत्यारं, पोरांसाठी घेतलेलं काहीबाही, वर झाकण दाबून बसवलं की झाली सीट. मी मनातल्या मनात हात जोडले, कारण असली डोकी फक्त आपल्याकडेच असतात असा माझा समज होता.

आपल्याकडे म्हणजे काय तर रुमाल. एसटी स्टँडात शिरत असतानाच बाबा खिडकीतून रुमाल टाकायचे, आणि गर्दी जास्त असली तर रुमालाच्या जागी मला. पायातली चप्पल खाली राहायची, मी आत दोन सीटवर आडवा पडून "आहे, आहे, माणूस आहे" असं ओरडत. अजूनही गाडीत कोणी माझ्या सीटकडे नुसतं बघितलं तरी मी पाय पसरतो. ही खोड काही जात नाही.

त्या गाडीत पसरायला पायच मोकळे नव्हते. आणि एवढ्यात ट्रॉली येते. "बियर, सरबत, मिनरल वॉटर, शेंगदाणे, बिया, पाय आत घ्या" हे सगळं एका दमात, एका चालीत, आणि कुठे मुंगीला जागा नाही तिथून ती बाई ट्रॉली काढते. बादलीवाले उठतात, बादली डोक्यावर घेतात, ट्रॉली गेली की खाली ठेवून परत बसतात, रात्रभर हेच. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ, तिथून नूडल्सचे भरलेले डबे लोकांच्या डोक्यांवरून हातोहात सीटपर्यंत येतात, मी जीव मुठीत धरून बघत होतो पण थेंब सांडला नाही. बसायच्या डब्यातले दिवे रात्री बंद करत नाहीत, त्यामुळे झोपेचा प्रश्नच नाही, सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले.

माझ्या गुडघ्याशी एक बादलीवाला होता, वाटेतल्या झेंगझौला उतरणारा. माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत त्याला विचारलं, बुलेटने का नाही जात. त्याने बोटांवर हिशोब केला, तिकिटातला फरक म्हणजे त्याची तीन दिवसांची मजुरी. "रात्र काय, इथे बसूनही जाते," म्हणाला. मग बिया माझ्यापुढे केल्या आणि विचारलं, तू वर्षातून कितीदा जातोस घरी?

त्या वर्षी मी एकदाही गेलो नव्हतो. आणि मला तर विमान परवडत होतं.