वसतिगृह, घुमट आणि पवनचक्क्या

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या आमच्या ब्लूमिंग्टन-नॉर्मल या जुळ्या शहरांतली सगळ्यात उंच इमारत म्हणजे कॉलेजच्या मुलामुलींचं वसतिगृह. इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीचे वॉटर्सन टॉवर्स, 28 मजले, 298 फूट. साठच्या दशकात विद्यार्थी भराभर वाढले तेव्हा बांधलेले. मक्या-सोयाबीनच्या सपाटीतून गाडी चालवत आलं की खूप लांबूनच हे दोन काँक्रीटचे मनोरे दिसायला लागतात, आणि मला घर जवळ आल्यासारखं वाटतं.

पाहुण्यांना तसं वाटत नाही. माझा धाकटा दीर जर्सी सिटीत राहतो, रोज नदीपलीकडचं मॅनहॅटन बघतो. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा गाडीतून विचारत होता, "वहिनी, डाउनटाउन अजून किती लांब आहे?" नवरा म्हणाला, "ते मगाशी मागे गेलं." त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला समजली. पण इथल्या स्कायलाइनमध्ये बघण्यासारखं काही नाही, हे त्याचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

एक तर आमच्या काउंटीतल्या सगळ्यात उंच गोष्टी इमारती नाहीतच. शहराच्या पूर्वेला ट्विन ग्रोव्ह्ज नावाचा पवनचक्क्यांचा प्रकल्प आहे. 2007-08 मध्ये उभा राहिला, एकूण 240 चक्क्या, 396 मेगावॉट. पातं सरळ वर आलं की टोक जमिनीपासून सुमारे 121 मीटरवर जातं, म्हणजे वॉटर्सनपेक्षा 30 मीटर जास्त. त्या जिथे आहेत तो हिमनदीनं मागे टाकलेल्या मातीचा लांबलचक उंचवटा आहे, ब्लूमिंग्टन मोरेन. डोळ्यांना तो धड उंचही वाटत नाही, पण वाऱ्याला तेवढा पुरतो. चक्क्यांखाली मका तसाच पिकतो, शेतकऱ्याला जागेचं भाडं मिळतं, आसपासच्या शाळांना कराचा पैसा. रात्री त्यांचे लाल दिवे एकदम लागतात, एकदम विझतात. दिराला मी तिकडे मुद्दाम घेऊन गेले होते.

मग उंच इमारती का नाहीत? पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. स्टेट फार्मसारखी अवाढव्य विमा कंपनी इथलीच. जॉर्ज मेकर्ले या शेतकऱ्यानं 1922 मध्ये ती काढली, शेतकऱ्यांच्या गाड्यांचा विमा उतरवायला. इथली कितीतरी मराठी घरं तिच्या आयटीच्या कामामुळे इथे आली. कंपनी वाढली तशी ती वर गेली नाही, पसरली. आधी पूर्वेला व्हेटरन्स पार्कवेवर, मग दक्षिणेला, बुटक्या इमारती आणि भोवती पार्किंगची मैदानं. मॅनहॅटनला दोन्हीकडून पाणी आहे, तिथे माणसाला वर चढावंच लागतं. इथे रस्ता संपला की शेत, आणि ते विकत मिळतं. शिवाय सगळे गाडीनं येणार. एक गाडी उभी करायला, वळवायच्या जागेसकट, सुमारे 300 चौरस फूट लागतात, त्या गाडीतून येणाऱ्या माणसाच्या टेबल-खुर्चीला त्याहून बरीच कमी. एवढी जागा डाउनटाउनमध्ये काढायची तर जुन्या इमारती पाडाव्या लागतात, आणि अमेरिकेतल्या शेकडो गावांनी त्या पाडल्या.

शेजारच्या पिओरियाची गोष्ट मला जास्त लागते. तिथे निदान नदी आहे, पूर्वेकडून पूल ओलांडताना शहर छान दिसतं. बुलडोझरसारखी अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीनं 2015 मध्ये तिथे डाउनटाउनमध्ये नवं मुख्यालय बांधायचं जाहीर केलं होतं, त्यात 31 मजली मनोरा होता. 2017 उजाडलं आणि बेत रद्द, मुख्यालय शिकागोजवळ हलवायचं ठरलं. लहान शहराची स्कायलाइन अशी एकाच कंपनीच्या बैठकीत ठरते.

म्हणून मला आमच्या डाउनटाउनमधल्या दोन इमारतींचं मोल वाटतं. पहिली जुन्या न्यायालयाची. 19 जून 1900 च्या आगीत डाउनटाउनचा मोठा भाग जळला, आधीचं न्यायालयही गेलं. गावानं लगेच नवं उभारायला घेतलं, 1903 मध्ये पूर्ण झालं, आणि त्याचा घुमट आजही आसपासच्या छपरांच्या वर दिसतो. आत आता काउंटीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

दुसरी स्टेट फार्मची 1929 ची इमारत. आधी आठ मजली, मग मजले चढवत तेरा. कंपनीचा संसार वाढला तो हिच्यात. 2018 मध्ये कंपनीनं ती सोडली, पाडण्याची चर्चाही झाली. तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते. तेरा मजले म्हणजे न्यू जर्सीत कुणी मान वर करून बघणार नाही, पण इथे ते पाडले तर घुमटाला सोबत करणारं काही उरत नाही. मला तिथे घरं हवीत. नोकरीला नव्यानं आलेली मुलं, गाडी चालवणं ज्यांना जमत नाही असे वडीलधारे, खाली वाणसामानाचं दुकान. शहराच्या कौन्सिलपुढे नागरिकांना बोलायला वेळ देतात. या इमारतीचा विषय निघाला की मी तिथे बोलायला उभी राहणार आहे.